पोरांना वेळ द्या, की देऊन टाका?

एनबीएमधला एखादा तरुण संघ ओळीनं हरू लागला की चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरांना वेळ द्या. दुसरा म्हणतो, दोघातिघांना देऊन एखादा मोठा खेळाडू आणा. दोघांचाही संघावर जीव असतो, पण त्यांच्या वादामागच्या काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

सगळ्यांत पक्का गैरसमज म्हणजे संयम आणि ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, ही दोन टोकं आहेत. संयमाचं उदाहरण म्हणून हमखास ओक्लाहोमा सिटी थंडरचं नाव घेतलं जातं. पण हा संघ उभा राहिला तोच एका ट्रेडवर. जुलै 2019 मध्ये संघाचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांनी पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवलं आणि त्याच्या बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी व पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) मिळवले. त्यातल्याच एका पिकावर 2022 मध्ये, बाराव्या क्रमांकाला, जेलन विल्यम्स हाती लागला.

मधली वर्षं फार वाईट गेली. 2 डिसेंबर 2021 ला मेम्फिसनं थंडरला 152-79 असं झोडपलं. 73 गुणांचा हा फरक एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा. तरी प्रेस्टी यांनी घाईनं कुणी वयस्क तारा आणला नाही.

ट्रेड झाला तो संघ जिंकू लागल्यावर. 2024 च्या प्लेऑफमध्ये डॅलसनं थंडरच्या जॉश गिडीला तीन गुणांच्या रेषेबाहेर बिनधास्त मोकळं सोडलं, कारण तिथून त्याचा नेम भरवशाचा नव्हता. महिनाभरात हा 21 वर्षांचा, सहाव्या क्रमांकावर निवडलेला मुलगा शिकागोला गेला आणि तिशीतला ॲलेक्स करुसो आला. पुढच्या वर्षी डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात, आपल्यापेक्षा जवळपास अर्धा फूट उंच निकोला योकिचला हाच करुसो पुढे उभा राहून पासच मिळू देत नव्हता. थंडरनं तो सामना 125-93 असा जिंकला आणि 22 जून 2025 ला विजेतेपदही मिळवलं. माझ्या मते थंडरचा खरा संयम इथे दिसतो. कोणासाठी थांबायचं आणि कोणासाठी नाही, हे त्यांनी नीट पारखलं.

‘तळाला राहिलो की पहिला पिक आपलाच’ हेही खरं नाही, कारण तो सोडतीनं ठरतो. 2019 पासून सर्वांत खालच्या तीन संघांना पहिल्या पिकाची संधी प्रत्येकी फक्त 14 टक्के असते. 2023-24 मध्ये डेट्रॉइट ओळीनं 28 सामने हरला, हंगामअखेर 14-68 वर राहिला आणि त्याला मिळाला पाचवा पिक. पुढच्या वर्षी डॅलसकडे अवघी 1.8 टक्के संधी होती, तरी पहिला पिक त्यांनाच लागला.

मोठा तारा आला की प्रश्न सुटला, असं मानणाऱ्यांनी फिनिक्सकडे पाहावं. फेब्रुवारी 2023 मध्ये केव्हिन ड्युरँटसाठी त्यांनी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे चार पिक देऊन टाकले. 2024 मध्ये मिनेसोटानं त्यांना पहिल्याच फेरीत 4-0 नं घरी पाठवलं, 2025 मध्ये प्लेऑफही हुकला. उलट टोरंटोनं 2018 मध्ये डेमार डीरोझनला देऊन काव्हाय लेनर्डला आणलं आणि लगेच 2019 चं विजेतेपद जिंकलं. टोरंटोचा संघ आधीपासून वरच्या फळीत होता, म्हणून तो जुगार फळला.

आणि संयमाला मुदत असते, हे ‘वेळ द्या’ म्हणणारे विसरतात. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा स्वस्त करार फार तर चार वर्षांचा. त्यानंतर पगार कितीतरी पटींनी वाढतो. लीग आणि खेळाडूंमधल्या 2023 च्या करारनाम्यानुसार खर्चाची दुसरी मर्यादा ओलांडलेल्या संघाला दोनतीन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेडही करता येत नाही. थंडरच्या चेट होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स यांचे मोठे करार 2026-27 पासून लागू होतात. तेव्हा आवडत्या खेळाडूंपैकी कोणाला सोडायचं, हा प्रश्न थंडरच्या चाहत्यांनाही टाळता येणार नाही.