खिशातली वही सांभाळा

पूर्वी आपल्या घरोघरी टेलिफोनजवळ एक वही असे. मामा, मावशी, आत्या, डॉक्टर, सर्वांचे नंबर तीत असत. आज ती वही मोबाईलमध्ये गेली आहे. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या, हे आपण विसरलेलो नाही. अशा दिवशी फोन पाण्यात गेला तर नंबर कोठून आणावयाचे?

यावर उपाय म्हणजे सिंक. फोनमधील नोंदी इंटरनेटवरील आपल्या खात्यातील नोंदींशी आपोआप जुळत राहतात. ही युक्ती नवी नाही. १९९६ साली अमेरिकेत निघालेले पाम पायलट हे हातात मावणारे यंत्र संगणकाच्या तारेवरील बैठकीत ठेवून बटण दाबले की दोन्हीकडील नोंदी सारख्या होत. पुढे हेच काम नेटवर्कवरूनही होऊ लागले.

आता आपल्या फोनचे पाहू. अँड्रॉइडवर गूगलचे खाते आणि आयफोनवर आयक्लाउड हे काम करते. सेटिंग्जमध्ये आपले खाते उघडून ‘कॉन्टॅक्ट्स’ चालू करावे. मात्र नंबर सिमकार्डावर किंवा नुसत्या फोनमध्ये साठवलेला असेल तर तो खात्यात जात नाही. म्हणून असे जुने नंबर आधी खात्यात हलवावेत. मग घरच्या संगणकावर तेच खाते उघडून शेवटचा लिहिलेला नंबर दिसतो का, ते पाहावे. तो दिसला म्हणजे काम झाले.

वाचकहो, येथे एक धोका आहे. सिंक चांगली नोंद जशी पोचवते, तशीच चूकही पोचवते. नातवाने टॅबलेटवर खेळता खेळता आत्याचा नंबर पुसला, तर तो सगळीकडून पुसला जातो. गूगलच्या कचरापेटीत तो ३० दिवस राहतो. आयक्लाउडवरही गेल्या ३० दिवसांतील जुनी यादी परत आणता येते. त्यानंतर मात्र हात चोळत बसावे लागते. म्हणून दर काही महिन्यांनी संपूर्ण यादीची फाईल संगणकावर उतरवून ठेवावी, आणि अगदी जवळच्या दहा-बारा माणसांचे नंबर कागदावर लिहावेत.

आणखी एक गोष्ट. नव्या फोनवर खाते उघडताना पासवर्ड लागतो, आणि पुष्कळदा हरवलेल्या फोनवरच येणारा संकेतांकही लागतो. गूगल अशा वेळेसाठी आधीच काही राखीव संकेतांक देते. ते कागदावर उतरवून कपाटात जपून ठेवावेत.

गणेश चतुर्थीला सारे कुटुंब एकत्र जमते. त्या दिवशी घरातील मुलांनी आजी-आजोबांच्या फोनचे एवढे काम करून द्यावे, अशी आमची विनंती आहे.