ऑल-इन-वनवर गेम पळेल का?

मित्रांनो, आधीच सांगतो, आमचं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

माझ्या रूम पार्टनरला कॉम्प्युटर घ्यायचा होता. त्याच्या पप्पांनी एक ऑल-इन-वन बघून ठेवला. सीपीयूचा डबा नाही, वायरींचा गुंता नाही, सगळं स्क्रीनच्या पोटात. हॉस्टेलच्या टेबलाची लांबी-रुंदी तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे आम्हालाही पटलं. दुकानदार म्हणाला, "आय-फाइव्ह आहे, सोळा जीबी रॅम आहे, कुठलाही गेम पळेल." पण साठ हजार म्हणजे घरी वर्षभर साठवलेले पैसे. पार्टनरने मला दुकानात ओढत नेलं.

मी स्क्रीनकडे न बघता आधी ॲडॉप्टर उचलला. त्यावर छापलं होतं १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर. बेसिक इलेक्ट्रिकल आठवा आणि गुणाकार करा, ९० वॅट होतात. एवढ्यातच स्क्रीन, प्रोसेसर, पंखा, स्पीकर सगळ्यांनी भागवायचं. डेस्कटॉपमध्ये लावतात ते आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड एकटंच ११५ वॅट खातं. म्हणजे झाकण न उघडताच कळलं की आत तसलं काही नाही.

कंपनी कंजूष असते असं नाही. जेवढे वॅट आत जातात तेवढी उष्णता बाहेर काढावी लागते, आणि या चपट्या अंगात मोठा पंखा बसणार कुठे? म्हणून आत बहुतेक वेळा लॅपटॉपचा प्रोसेसर असतो. नावाला दोन्ही आय-फाइव्हच, पण १३४०० ची बेस पॉवर ६५ वॅट आणि १३३५यू ची फक्त १५. शेवटचं ते 'यू' अक्षर दुकानदार कधीच वाचून दाखवत नाही!

आता रॅम. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्स मेन मेमरीच वापरतं. सोळा जीबीची एकच पट्टी असेल तर डेटाचा रस्ता अर्धा होतो, तेव्हा आठ-आठच्या दोन मागा. गंमत म्हणजे १३३५यू मध्ये एकच पट्टी असली तर 'आयरिस एक्सई' ग्राफिक्स स्वतःचं नाव नुसतं 'यूएचडी' दाखवतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा, दिसेल.

आणि गेम लावून बघायचाच असेल तर पाच मिनिटं नको, अर्धा तास खेळा. सुरुवातीला मशीन थंड असतं, सगळं छान पळतं. तापलं की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि नेमके आपण तेव्हाच मरतो. (गेममध्ये.)

काही ऑल-इन-वनमध्ये वेगळी ग्राफिक्स चिपही असते, पण सहसा लॅपटॉपचीच. नंतर बदलता येत नाही. टॉवरमध्ये दोन वर्षांनी नवीन कार्ड टाकता येतं; इथे फार तर रॅम आणि एसएसडी. शिवाय एचडीएमआय इनपुट नसेल तर पुढे मशीन म्हातारं झाल्यावर चांगली स्क्रीनही नुसता मॉनिटर म्हणून वापरता येत नाही. खरं तर मला हेच जास्त खटकतं.

पार्टनरने तिथूनच घरी फोन लावला आणि तोंड पाडून सगळं सांगितलं. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मोठे गेम चालत नाहीत ना? मग तोच घे."

सध्या त्यावर ऑटोकॅड चालतं. आणि रात्री एज ऑफ एम्पायर्स २, ते मात्र मस्त पळतं.