पाणी घातल्यावर नेमकं काय पातळ होतं?

मंडळी, बिडकीनच्या माणसाला बिअर आणि पाणी हा विषय काही नवा नाही. वाळूजचे बिअरचे कारखाने जवळच आहेत आणि २०१६च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठानं मद्य उद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती, ते आपल्याला आठवत असेलच. आजचा प्रश्न मात्र लहान पातेल्यातला आहे.

परदेशात घरी बिअर करणाऱ्या एका श्रोत्यानं विचारलंय : भांड्यात दहाच लिटर उकळता येतं, बिअर वीस लिटर हवी असते. म्हणून घट्ट वर्ट उकळतो आणि नंतर तेवढंच पाणी घालतो. ग्रॅव्हिटी बरोबर येते, कडूपणा मात्र कमी पडतो. पाणी कडूपणा जास्त मारतं का? (आपल्याकडे कुणी हे करून बघू नका. परवान्याशिवाय मद्य तयार करणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.)

वर्ट म्हणजे मोड आणलेल्या सातूचं गोड पाणी. यीस्ट घालण्याआधीची बिअर म्हणा ना. त्याची ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत ते किती जड, एवढंच. डेअरीवर लॅक्टोमीटरनं दुधातलं पाणी ओळखतात, तीच ही युक्ती. १.०८० ग्रॅव्हिटीच्या दहा लिटरमध्ये दहा लिटर पाणी घाला, १.०४० येईल. साखर होती तेवढीच आहे, जागा दुप्पट झाली.

कडूपणाचंही तसंच. तो आयबीयूमध्ये मोजतात, म्हणजे ढोबळमानानं एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम कडू द्रव्य. पस्तीसचं पाणी घालून साडेसतरा होतं. पाणी दोघांनाही सारखंच वागवतं.

आमच्या वैशेषिकांत प्रशस्तपादांनी चोवीस गुण मोजलेत, त्यांत रसही आहे आणि गुरुत्वही. दोन्ही वेगळे गुण. गंमत म्हणजे आपण ज्याला कडू म्हणतो तो त्यांचा तिक्त. त्यांचा कटु म्हणजे आपलं तिखट. असो. मुद्दा असा, की दोन गुण एका द्रव्यात राहतात म्हणून ते एकाच कारणानं तिथं आले असं होत नाही. साखर उकळण्याआधीच वर्टमध्ये असते. कडूपणा उकळतानाच घडतो. हॉप्समधली अल्फा आम्लं मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तासभराच्या उकळीत त्यांचं रूप बदलतं आणि मग ती विरघळतात. वर्ट घट्ट असलं की हा कडूपणा कमी उतरतो. काही भाग तर प्रथिनांच्या साक्याला चिकटून खाली बसतो.

आता आकडे. पाच टक्के अल्फा आम्लाचे चाळीस ग्रॅम हॉप्स, म्हणजे २,००० मिलिग्रॅम आम्ल. ग्लेन टिन्सेथ यांच्या प्रचलित सूत्रानं १.०४०च्या वर्टमध्ये तासाभरात त्यातलं सुमारे २५ टक्के उतरतं, १.०८०मध्ये साडेसतरा टक्के. वीस लिटर एकदम उकळलं तर २५ आयबीयू. दहा लिटर घट्ट उकळून पाणी घातलं तर साडेसतरा. हे नुकसान पाणी घालण्याआधीच, चुलीवरच झालेलं असतं. पाणी बिचारं शेवटी आलं, म्हणून आळ त्याच्यावर.

उपाय दोन. हॉप्स वाढवून ५७ ग्रॅमच्या आसपास न्यायचे. पण याला मर्यादा आहे. वर्टमध्ये व्यवहारात शंभरएक आयबीयूच्या वर फारसं काही विरघळत नाही, म्हणजे निम्मं पाणी घातल्यावर पन्नासच्या पुढं जाता येत नाही. मला दुसरा उपाय पटतो : तयार मॉल्टचा अर्क वापरत असाल तर निम्मा मागं ठेवा आणि उकळी संपता संपता घाला. हॉप्सना पातळ वर्ट मिळतं, साखर काही कमी होत नाही.

मोठे कारखानेही जगभर घट्ट वर्ट आंबवून मागाहून पाणी घालतात, टाक्या आणि इंधन वाचतं म्हणून. पण ते पाणी प्राणवायू काढलेलं असतं. आंबण्याआधी पाण्यातली हवा यीस्टला उपयोगी पडते, आंबल्यानंतर तीच बिअर शिळी करते. म्हणून घरच्या माणसानं आधी पाणी घालावं आणि तेही उकळून गार केलेलं.

आणि पाणी घातल्यावर नीट ढवळा हो. घट्ट वर्ट तळाशी बसतं, पाणी वर राहतं. वरचं घेऊन मोजलं तर ग्रॅव्हिटी कमी दिसते, तळाच्या तोटीतून घेतलं तर जास्त, आणि माणूस उगाच आणखी अर्क नाहीतर आणखी पाणी ओतत बसतो.