रूळ जेथे संपतात

कसबा बावड्यातील लक्ष्मीविलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी ज्यांचा जन्म झाला, त्यांचेच नाव बावड्यापासून अवघ्या काही किलोमीटरांवर असलेल्या कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकाला आहे. स्थानकांना थोरांची नावे देण्याची आपल्याकडे प्रथाच आहे आणि त्यांतील कित्येक नावांचा त्या स्थानकाशी काडीचाही संबंध नसतो. 'छत्रपती शाहू महाराज टर्मिनस' हे याला सन्माननीय अपवाद होय. १८८८ मध्ये या लोहमार्गाच्या कामाचा आरंभ झाला तो कुमारवयीन शाहू छत्रपतींच्याच हस्ते, आणि १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर गाडी धावू लागली.

त्याच १८८८ साली मुंबईत बोरीबंदरची भव्य वास्तू पूर्ण झाली. तिचे घुमट, कमानी आणि शिल्पे साम्राज्याच्या व्यापारी राजधानीचा दिमाख मिरवीत होती. कोल्हापूरच्या स्थानकाला असला थाट नव्हता. त्याचे वैशिष्ट्य इमारतीत नव्हे, जमाखर्चात शोधावे लागते. सुमारे ४८ किलोमीटरांचा हा मार्ग संस्थानाने स्वतःच्या तिजोरीतून बांधला. गाड्या चालविण्याचे काम तेवढे सदर्न मराठा रेल्वेकडे होते. महाराज त्या वेळी अज्ञान होते आणि कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली चालत होता, हे खरे. परंतु १८९४ मध्ये सूत्रे हाती आल्यावर त्या रुळांचे चीज केले ते महाराजांनीच. दुसऱ्याच वर्षी स्थानकालगत शाहूपुरीची पेठ उभी राहू लागली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. १९०६ मध्ये कापडगिरणीचा पाया घातला गेला. पित्याच्या नावाने जयसिंगपूर वसविले तेही याच मार्गावर. रेल्वे आली की भरभराट आपोआप होते, अशा भ्रमात तो राजा राहिला नाही.

कोल्हापूरला रूळ संपतात, आणि या शहराच्या स्वभावाची खूण येथेच सापडते. मिरज हे जंक्शन. तेथे गाड्या बदलणाऱ्यांची वर्दळ असते आणि बहुतेकांचे लक्ष पुढच्या गाडीकडे असते. कोल्हापूरच्या फलाटावर उतरणारा मात्र कोल्हापूरलाच आलेला असतो. तिरुपतीहून हरिप्रिया एक्स्प्रेसने येणारा भाविक अंबाबाईच्या दर्शनासाठी येतो, तर महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट गोंदियापासून माणसे येतात. वाटेवरचा पाहुणा आणि घरी आलेला पाहुणा यांच्या आगतस्वागतात जो फरक असतो, तोच जंक्शन आणि टर्मिनस यांत आहे.

आलेल्याला सामावून घेण्याची ही वृत्ती केवळ जेवणाच्या पंगतीपुरती नाही. १९०१ पासून येथे निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली आणि खेड्यांतील मुलांना शहरात हक्काचे छप्पर मिळाले. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात याच मार्गावरील वळिवडे येथील छावणीत राहिले. ते गेले आणि फाळणीने देशोधडीस लागलेले सिंधी बांधव त्या जागी आले. आजचे गांधीनगर त्यांच्या कष्टांतून उभे राहिले. युरोपातून आणि सिंधमधून उखडलेल्या माणसांना आसरा देणारे वळिवडे कोल्हापूरच्या अगदी उंबरठ्यावर आहे.

मात्र रूळ संपण्याला दुसरीही बाजू आहे. शेवटच्या स्थानकावर राहणाऱ्याला पुढे काय आहे, याची चौकशी करण्याची सवय राहत नाही. जे आहे ते उत्तम आहे आणि ते आपल्या गावात आहे, हा अभिमान कोल्हापूरकराला शोभतो. पण त्या अभिमानाचे समाधानात आणि समाधानाचे सुस्तीत रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. मीटर गेजच्या काळात मुंबईस जाणाऱ्याला पुण्यास गाडी बदलावी लागे; ती अडचण दूर होण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तरी सह्याद्रीच्या या अंगाचे रूळ होते तेथेच राहिले. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाचा समावेश २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाला. सुमारे १०७ किलोमीटरांच्या या मार्गावर अद्याप एकही गाडी धावलेली नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. त्याच्या कक्षेत सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर यांच्याबरोबर रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हेही आहेत. कोकणातील पक्षकाराला न्याय जवळ आला. पण रेल्वेने तो गाठावयाचा तर गोव्यावरून किंवा पनवेल-पुण्यावरून वळसा घालावा लागतो, नाही तर पावसाळ्यात घाटरस्त्याचा भरवसा धरावा लागतो.

कोल्हापूरला लढता येत नाही, असे कोणी म्हणणार नाही. शहरातील टोल वर्षानुवर्षांच्या आंदोलनाने रद्द करवून घेणारे हे गाव आहे. नको असलेली गोष्ट घालवून देण्याचा त्याचा हातखंडा वादातीत आहे. हवी असलेली गोष्ट चिकाटीने घडवून आणणे हे मात्र निराळे काम आहे. तेथे मोर्चाबरोबर कागद लागतात, हिशेब लागतो, आणि मंत्री बदलले तरी न बदलणारा पाठपुरावा लागतो. १८८८ साली एका लहान संस्थानाने स्वतःच्या तिजोरीचा हिशेब मांडला आणि रूळ दारापर्यंत आणले. महाराजांचे नाव स्थानकावर कोरून ते ऋण फिटत नाही. ते फेडावयाचे असेल, तर रूळ पुढे कसे जातील याचा हिशेब आजच्या कोल्हापूरने मांडला पाहिजे.