धावलं की ताकद जाते का? हिक्सनचा प्रयोग आणि आपली पोलीस भरती



पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण असतात, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. म्हणजे ५० गुणांत दम, वेग आणि ताकद, तिन्ही लागतात. आणि मैदानावर सल्ले मिळतात ते असे: “जास्त धावशील तर ताकद जाईल”, “बैठका मारशील तर पाय जड होतील.” मग नव्याने सुरुवात करणाऱ्या पोराने करायचं काय?

या प्रश्नावर संशोधन आहे. ते कसं वाचायचं, हे आज बघू.

हिक्सनने काय केलं?

१९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने १० आठवड्यांचा प्रयोग केला. तीन गट होते. एक गट फक्त वजनाचा व्यायाम करायचा, आठवड्यातून ५ दिवस. दुसरा गट फक्त दमाचा, म्हणजे सायकलवर इंटरव्हल आणि धावणं, ६ दिवस. तिसरा गट हे दोन्ही करायचा.

निकाल गमतीदार आहे. दोन्ही करणाऱ्यांचा दम दुसऱ्या गटाइतकाच वाढला. त्यांची ताकदसुद्धा साधारण सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत वाढत गेली, पण नंतर थांबली आणि शेवटी खाली आली. यालाच पुढे ‘इंटरफेरन्स इफेक्ट’ म्हणायला लागले. “धावलं की ताकद जाते” या समजुतीला इथून शास्त्रीय आधार मिळाला.

पण डोस बघा

५ अधिक ६, म्हणजे आठवड्याला ११ सत्रं! तीही जोर लावून. नवशिका माणूस एवढा व्यायाम करतो का? शिवाय एवढं करूनही पहिले सात आठवडे ताकद वाढतच होती. फक्त सारांश वाचला तर हे दोन्ही मुद्दे सुटतात. म्हणून पेपर हातात आला की आधी तीन प्रश्न विचारायचे: कोणावर केलं? किती केलं? काय मोजलं?

२०२१ च्या एका मेटा-ॲनालिसिसमध्ये पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. एकत्र व्यायामाने पायांच्या ताकदीची वाढ कमी झाली ती मुरलेल्या खेळाडूंमध्ये. नवशिक्यांमध्ये तसं दिसलं नाही. २०२२ मध्ये शूमान आणि सहकाऱ्यांनी ४३ अभ्यास एकत्र तपासले. स्नायूंची वाढ आणि कमाल ताकद, दोन्हींवर वाईट परिणाम आढळला नाही. स्फोटक ताकद मात्र थोडी कमी वाढली, विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केल्यावर. गोळाफेक आणि १०० मीटरला लागते ती हीच ताकद, त्यामुळे ‘काय मोजलं’ हा प्रश्न भरतीच्या पोरांसाठी थेट गुणांचा आहे.

मग नवशिक्याने काय करावं?

- आठवड्यातून दोन दिवस ताकद: बैठका, जोर, पायऱ्यांवर चढउतार, जमेल तसं वजन.
- दुसऱ्या दोन दिवशी इंटरव्हल: एक मिनिट जोरात धावायचं, दोन मिनिटं चालायचं. सुरुवातीला सहा वेळा पुरे.
- एकाच दिवशी दोन्ही करावं लागलं तर ताकद आधी, धावणं नंतर. पायांच्या ताकदीसाठी हा क्रम थोडा फायद्याचा दिसला आहे.
- मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवा. एप्रिल-मे मध्ये अकोल्याचा पारा ४४-४५ च्या घरात जातो, तेव्हा उन्हं वर यायच्या आत आटपा. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता तुमच्या संशोधनासाठी

समजा, तुम्हाला हाच विषय घ्यायचा आहे. सगळ्यात अवघड शब्द कोणता? ‘नवशिका’! बहुतेक अभ्यासांत याचा अर्थ ‘गेले काही महिने नियमित व्यायाम न केलेला’ असा धरतात. पण दर्यापूर किंवा अकोटकडचा जो पोरगा हंगामात सोयाबीनची पोती उचलतो, तो जिममध्ये कधी गेला नसला तरी नवशिका म्हणायचा का? त्याला कॉलेजात बसून राहणाऱ्या मुलासोबत एकाच गटात टाकलं, तर फरक व्यायामाने पडला की आधीच्या कष्टाने, हे सांगता येणार नाही. म्हणून सुरुवातीलाच शेतीकामाचे तास विचारा, पहिल्या दिवशी ताकद आणि दम मोजा, आणि मगच चिठ्ठ्या टाकून गट पाडा. कालावधी किमान १० आठवडे ठेवा. हिक्सनने सहाव्या आठवड्यात प्रयोग थांबवला असता, तर त्याला घसरण दिसलीच नसती.

अशा कामाला अमरावतीसारखी जागा नाही. इथलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ मध्ये त्यांच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. व्यायामाची परंपरा आपल्याकडे आहे, पहाटे मैदानं पोरांनी भरलेली असतात. मोजमाप करणारे मात्र कमी आहेत.

पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत “तुमचा संशोधन प्रश्न काय?” असं विचारलं, तर “एकत्र व्यायाम चांगला की वाईट” असं उत्तर देऊ नका. कोणासाठी, किती, आणि कशावर परिणाम, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आजच वहीत ते वाक्य लिहून बघा. नाही जमलं, तर पेपर अजून वाचायचे बाकी आहेत असं समजा.