विश्लेषण : खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधले पाणी कसे तयार करायचे आणि कधी बदलायचे?

टाकीतले पाणी नितळ आहे, पंप चालू आहे, काल संध्याकाळी मासे व्यवस्थित खात होते. आणि सकाळी दोन क्लाउनफिश तळाशी पडलेले. घरी खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवणाऱ्यांच्या वाट्याला असा दिवस कधी ना कधी येतो. पहिला संशय दुकानदारावर जातो, पण गडबड बहुधा पाण्यात असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

समुद्री मासे इतके हळवे का?

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या शरीरातल्या द्रवात हे प्रमाण त्याच्या जेमतेम एकतृतीयांश. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी समुद्री मासा खारे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हे काम रात्रंदिवस चालते. खुल्या समुद्रात क्षारता एका दिवसात फारशी हलत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत मात्र एक चुकीची बादली पुरते. गप्पी किंवा गोल्डफिश अशा चुका बऱ्याचदा सोसून जातात, समुद्री मासे आणि त्यांच्याबरोबर ठेवलेली कोळंबी नाही.

समुद्र जवळ असताना विकतचे मीठ कशाला?

जुहू-वर्सोव्याला राहणाऱ्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. समुद्रकाठची मोठी मत्स्यालये समुद्राचे पाणी वापरतात, पण त्यांच्याकडे साठवण, गाळणी आणि तपासणीची सोय असते. शहराच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो. पावसाळ्यात नाले आणि खाड्यांच्या गोड्या पाण्याने तिथली क्षारताही उतरते. कॅनमध्ये भरून आणलेले पाणी कोणते, हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मग मिठागरातले जाडे मीठ? तेही चालत नाही. मिठागरात समुद्राचे पाणी आटवताना आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतात, नंतर मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड धरते. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचा बराच भाग मागे राहिलेल्या कडवट पाण्यातच राहतो. म्हणजे समुद्रातून मीठ काढता येते, पण ते मीठ पाण्यात टाकून पुन्हा समुद्र होत नाही. त्यासाठी फिशटँकच्या दुकानात मिळणारे ‘मरीन सॉल्ट’च घ्यावे लागते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असे घटक मोजून घातलेले असतात.

घरच्या आरओचे पाणी चालेल का?

इथे बरेच जण फसतात. पिण्याच्या आरओमध्ये अनेकदा चव यावी म्हणून खनिजे परत मिसळण्याची सोय असते. त्यामुळे टीडीएस मीटरवर आकडा पन्नास-शंभरच्या घरात दिसतो. पिण्यासाठी ते उत्तम, टाकीसाठी नाही. त्याहून धोकादायक म्हणजे तांब्याचे काडतूस बसवलेले प्युरिफायर. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपल्याकडे आरोग्यदायी मानतात, पण कोळंबी, खेकडे, गोगलगाय यांना तांब्याचा अंशही मारक ठरतो. समुद्री माशांच्या काही रोगांवर तांब्याचे औषध देतात, तेही वेगळ्या टाकीत.

टाकीसाठी आरओनंतर ‘डीआय’ म्हणजे आयन काढून टाकणारे रेझिन लावलेले पाणी हवे. मीटरवर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा दिसला पाहिजे. टँकर किंवा बोअरवेलच्या पाण्यावर असलेल्या सोसायट्यांमध्ये ही खबरदारी जास्तच गरजेची. नळाचे पाणी दोन दिवस उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जातो, हे खरे, पण त्यातले नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट तसेच राहतात आणि पुढे काचेवर शेवाळ धरते.

या शुद्ध पाण्याची किंमतही मोजावी लागते. आरओमध्ये एक लिटर पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर वाया जाते. पाणीकपातीच्या दिवसांत ते मोरीत सोडण्याऐवजी लादी पुसायला वापरता येते.

मिश्रण करताना काय पाळावे?

आधी पाणी, मग मीठ. मिठावर पाणी ओतले तर तळाशी क्षार इतके दाट होतात की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तो नंतर सहजी विरघळत नाही. बादली साबण न लागलेली, फक्त याच कामाची असावी. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम मीठ थोडे थोडे टाकत छोट्या पंपाने पाणी फिरवत ठेवावे. पाकिटावर वेगळे प्रमाण असेल तर ते पाळावे. बहुतेक जण हे पाणी रात्रभर फिरते ठेवतात.

मोजणीला चमच्याचा अंदाज उपयोगाचा नाही. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास यायला हवे. स्वस्तातल्या काटेवाल्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा जास्त दिसतो आणि पाणी प्रत्यक्षात पातळ राहते. रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा, मात्र तोही ३५च्या प्रमाणित द्रावणाने अधूनमधून जुळवावा लागतो.

पाणी उडते, मीठ उडत नाही

नवख्यांची सर्वात महाग चूक इथे होते. मे महिन्यात टाकीवर पंखा लावला की पाणी झपाट्याने कमी होते. टाकी खाऱ्या पाण्याची, म्हणून तूटही खाऱ्या पाण्याने भरली जाते. पण वाफ झाली ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहिले. २०० लिटरच्या टाकीत दर आठवड्याला १० लिटर खारे पाणी असे भरले, तर तीन आठवड्यांत क्षारता ३५ वरून ४० वर जाते. पाणी दिसायला तसेच असते.

उपाय साधा आहे. काचेवर मार्करने रेघ ओढायची आणि रोज त्या रेघेपर्यंत फक्त शुद्ध गोडे पाणी घालायचे. खारे पाणी फक्त पाणी बदलताना.

मग बदलायचे किती आणि कशासाठी?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे नायट्रेट साचत जाते. ते ४० मिलिग्रॅम असताना पाचवा हिस्सा पाणी बदलले तर ३२ वर येते, शून्यावर नाही. तरीही सगळे पाणी एकदम बदलणे चूकच, कारण त्या धक्क्याने मासे दगावू शकतात. आठवड्याला दहा किंवा पंधरवड्याला वीस टक्के बदल बहुतेक घरगुती टाक्यांना पुरतो. नवे पाणी तापमान आणि क्षारता दोन्हींत जुन्याशी जुळलेले हवे.

नळी लावण्यापूर्वी हीटर आणि पंप बंद करावेत, पाण्याबाहेर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. काढलेले पाणी कुंड्यांना किंवा सोसायटीच्या बागेत घालू नये, झाडे जळतात. ते थेट मोरीत सोडावे.

टाकीत काय ठेवावे, हेही पाहावे लागते. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नयेत. क्लाउनफिशची पैदास मात्र भारतात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. दुकानात मासा घेताना तो हॅचरीतला की समुद्रातून पकडलेला, आणि सध्या किती क्षारतेच्या पाण्यात आहे, हे दोन प्रश्न विचारावेत. दुकानातले पाणी पातळ असेल तर घरच्या टाकीत त्याला हळूहळू, थोडे थोडे पाणी मिसळत रुळवावे लागते.