वेगवर्धित संगणकासाठी द्रवशीतन यंत्रणा : निवड कशी करावी?

संगणकाचा उपयोग आता कार्यालये आणि संशोधन संस्था यांच्यापुरता मर्यादित राहिलेला नाही. चित्रफितींचे संकलन करणारे छोटे स्टुडिओ, वास्तुरचनाकार, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि संगणकीय खेळांची आवड असणारे तरुण असे अनेक जण आज घरच्या घरी शक्तिशाली संगणक जुळवून घेतात. त्यांपैकी काहींना यंत्राचा मूळ वेगही अपुरा वाटतो व ते प्रोसेसर निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वेगाने चालवितात. या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. वेग वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की केवळ पंख्यावर विसंबून न राहता द्रवाने थंड ठेवणारी यंत्रणा बसविण्याचा विचार पुढे येतो. अशा यंत्रणा बाजारात अनेक प्रकारच्या व अनेक किमतींच्या मिळतात. निवड चुकली तर पैसा वाया जातोच. शिवाय ज्या यंत्रावर एखाद्याचा व्यवसाय किंवा अभ्यास अवलंबून आहे, ते यंत्रच निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून खरेदीपूर्वी या यंत्रणेचे कार्य आणि तिच्या मर्यादा समजून घेणे अगत्याचे आहे.

उष्णता का वाढते?

प्रोसेसरमध्ये अब्जावधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात व ते दर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होत असतात. या क्रियेत खर्च होणारी वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता वारंवारतेच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रोसेसर अधिक वेगाने चालवावयाचा तर तो स्थिर राहावा म्हणून बहुधा विद्युतदाबही वाढवावा लागतो. समजा, वारंवारता १० टक्के वाढविली आणि त्यासाठी विद्युतदाबही १० टक्के वाढवावा लागला, तर उष्णता १० टक्क्यांनी नव्हे, तर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. १५० वॅट उष्णता निर्माण करणारा प्रोसेसर २०० वॅटवर जातो. वेगाचा लाभ थोडा आणि उष्णतेचा भार मोठा, असा हा व्यवहार आहे.

अलीकडचे प्रोसेसर मुळातच बरेच तापणारे आहेत. २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट असली, तरी कमाल भारावर ती २५३ वॅटपर्यंत जाईल असे निर्मात्यानेच नमूद केले आहे. एएमडीच्या २०२२ मधील रायझन ९ ७९५०एक्स या प्रोसेसरसाठी १७० वॅट हा आकडा दिलेला आहे. जुन्या पद्धतीचे १०० वॅटचे अडीच दिवे एकत्र लावले असता जेवढी उष्णता मिळेल, तेवढी उष्णता जेमतेम काही चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळातून सतत बाहेर काढावयाची असते. पहिल्या प्रोसेसरची तापमान मर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर दुसऱ्याची ९५ अंश आहे. ही मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपोआप कमी करतो. म्हणजेच शीतन अपुरे असेल, तर मुद्दाम वाढविलेला वेग ऐन कामाच्या वेळी नाहीसा होतो.

द्रव नेमके काय करतो?

सर्वसाधारण समजूत अशी असते की, द्रवामुळे उष्णता नष्ट होते. वस्तुस्थिती तशी नाही. द्रव उष्णता केवळ वाहून नेतो. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा घट्ट बसविलेला असतो. त्याच्या आत केसासारख्या बारीक पाळ्या असतात. पंपाने खेळविलेला द्रव या पाळ्यांमधून जाताना उष्णता शोषून घेतो, नळ्यांवाटे रेडिएटरमध्ये येतो आणि तेथे पंख्याच्या वाऱ्याने ती उष्णता हवेत सोडून पुन्हा ठोकळ्याकडे जातो. मोटारीच्या इंजिनाचे शीतन याच तत्त्वावर चालते.

या कामी पाणी उपयुक्त ठरते, कारण समान आकारमानाच्या हवेच्या तुलनेने ते सुमारे साडेतीन हजार पट उष्णता धारण करू शकते. मिनिटाला एक लिटर पाणी खेळविले, तरी २५० वॅटचा भार वाहून नेताना त्याचे तापमान जेमतेम साडेतीन ते चार अंशांनी वाढते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येईल. उष्णता वाहून नेणे पाण्याला जड जात नाही. ती हवेत सोडणे हेच खरे कठीण काम असते. म्हणून यंत्रणेचे सामर्थ्य द्रवाच्या रंगावर किंवा पंपाच्या जाहिरातीवर नव्हे, तर मुख्यतः रेडिएटरच्या क्षेत्रफळावर व त्यातून वाहणाऱ्या हवेवर अवलंबून असते.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या १९८० मधील ३०८१ या मोठ्या संगणकात पाण्याने शीतन केलेले होते. १९८५ मधील क्रे-२ या महासंगणकाची मंडलेच वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेली होती. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही द्रवशीतनाचा अवलंब केलेला आहे.

खोलीच्या तापमानाचा विचार

साधी द्रवशीतन यंत्रणा प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. परदेशी नियतकालिकांतील चाचण्या बहुधा २० ते २५ अंश तापमानाच्या खोलीत घेतलेल्या असतात. आपल्याकडील उन्हाळ्याला ते आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. उदाहरणादाखल असे मानू की, २५० वॅटच्या भारावर एखाद्या यंत्रणेतील द्रव खोलीपेक्षा १३ अंशांनी आणि प्रोसेसर द्रवापेक्षा ४० अंशांनी अधिक तापतो. खोलीचे तापमान २५ अंश असेल, तर प्रोसेसर ७८ अंशांवर स्थिर राहील. तेच खोलीत ३८ अंश असतील, तर तो ९१ अंशांवर जाईल आणि मर्यादेपर्यंत फारसे अंतर उरणार नाही. ग्वाल्हेरसारख्या शहरात मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांपर्यंत चढते. तेथील ग्राहकाने हिवाळ्यातील समाधानकारक अनुभवावर विसंबून न राहता उन्हाळ्यातील दुपार गृहीत धरूनच यंत्रणेची क्षमता ठरविली पाहिजे. धुळीच्या प्रदेशात रेडिएटरच्या पाळ्या लवकर बुजतात. त्यांची नियमित सफाईही हिशेबात धरावी.

किनारपट्टीवर प्रश्न निराळा आहे. द्रव खोलीच्या तापमानापेक्षा अधिक थंड करणारी शीतकयंत्रे काही हौशी मंडळी वापरतात. पावसाळ्यात गोव्यातील हवा इतकी दमट असते की, सुमारे २४ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागावर दव धरू लागते. अशा वेळी नळ्यांवर व मदरबोर्डवर पाणी साचून मंडल जळण्याचा धोका असतो. साध्या रेडिएटरच्या यंत्रणेत द्रव खोलीपेक्षा उबदारच राहत असल्याने हा धोका उद्भवत नाही. घरगुती वापरासाठी तीच श्रेयस्कर होय.

आणखी एक बाब दुर्लक्षिली जाते. प्रोसेसरमधून काढलेली उष्णता शेवटी खोलीतच येते. २५० वॅटचा भार आठ तास राहिला, तर दोन युनिट वीज खर्च होते आणि तितकीच उष्णता खोलीत साठते. खोली लहान व बंद असेल, तर उत्तम यंत्रणाही हळूहळू निष्प्रभ होत जाते. हवा खेळती ठेवणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रेडिएटर किती मोठा असावा?

रेडिएटर त्यांवर बसणाऱ्या पंख्यांच्या मापावरून ओळखले जातात. १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसतील तो २४०, तीन पंखे बसतील तो ३६०. त्याचप्रमाणे १४० मिलिमीटरच्या पंख्यांचे २८० व ४२० असे आकार असतात. नाव पाहून क्षमतेचा अंदाज बांधताना थोडी गफलत होते. २४० च्या रेडिएटरचे दर्शनी क्षेत्रफळ २८८ चौरस सेंटिमीटर, २८० चे ३९२, ३६० चे ४३२ आणि ४२० चे ५८८ असते. म्हणजे २८० चा रेडिएटर २४० पेक्षा ३६० ला अधिक जवळचा आहे. कॅबिनेटमध्ये ३६० साठी जागा नसल्यास हा पर्याय अवश्य पाहावा. एका पंख्याचा १२० चा रेडिएटर वेगवर्धित प्रोसेसरसाठी सहसा पुरेसा ठरत नाही. त्यापेक्षा हवेने थंड करणारा चांगला मोठा शीतक परवडतो.

किंबहुना, द्रवशीतनाची खरोखरीच आवश्यकता आहे काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. भार साधारणपणे १५० वॅटच्या आसपास असेल, तर दुहेरी मनोऱ्याचा उत्तम वायुशीतक काम भागवितो. त्यात पंप नसतो, गळती नसते आणि त्याचा पंखा बिघडल्यास तो थोड्या खर्चात बदलता येतो. भार २०० वॅटच्या पुढे दीर्घकाळ राहणार असेल, तेव्हा मात्र मोठ्या रेडिएटरच्या द्रवशीतनाचा लाभ स्पष्ट दिसून येतो.

बंद संच की सुटी जुळणी?

द्रवशीतन यंत्रणांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात ठोकळा, पंप, नळ्या व रेडिएटर हे कारखान्यातच जोडून, द्रव भरून बंद केलेले असतात. बसविण्यास हा संच सोपा असतो व बहुसंख्य ग्राहकांना तोच योग्य ठरतो. मात्र नळ्यांच्या भिंतींतून द्रव अत्यल्प प्रमाणात झिरपत असतो आणि पंपही झिजतो. अशा संचाला काही वर्षांचेच आयुष्य असते, हे ध्यानात ठेवून हमीची मुदत व ती हमी नेमकी कशावर आहे हे पाहावे. गळतीमुळे इतर भागांची हानी झाल्यास भरपाई मिळते किंवा नाही, हे खरेदीपूर्वीच विचारून घेणे हिताचे आहे.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक भाग स्वतंत्रपणे विकत घेऊन जुळणी केली जाते. यात ग्राफिक्स कार्डाचेही शीतन साधता येते व भाग बदलता येतात. पण खर्च, श्रम आणि देखभाल ही तिन्ही वाढतात. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. तांबे आणि ॲल्युमिनियम हे धातू एकाच द्रवाच्या संपर्कात आले, की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम गंजू लागते. बंद संचात ही क्रिया रोखणारी द्रव्ये आधीच घातलेली असतात. सुट्या जुळणीत मात्र ठोकळा तांब्याचा असेल, तर रेडिएटरही तांब्याचा किंवा पितळेचाच घ्यावा. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षार पाळ्यांमध्ये साचतात. ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक व शेवाळरोधक द्रव्य घालावे किंवा तयार शीतनद्रव वापरावा. जुळणी झाल्यावर संगणकास वीज न देता केवळ पंप चालवून, सांध्यांखाली कोरडा कागद ठेवून, शक्य तर एक दिवसभर गळतीची परीक्षा घ्यावी.

बसविताना घ्यावयाची दक्षता

संच घेण्यापूर्वी कॅबिनेटमध्ये रेडिएटर व पंखे यांच्या एकत्रित जाडीसाठी जागा आहे काय, हे मोजून पाहावे. प्रोसेसरच्या सॉकेटसाठी लागणारी पट्टी संचासोबत मिळते याची खात्री करावी. पंप यंत्रणेतील सर्वांत उंच बिंदू होणार नाही, अशी मांडणी असावी; अन्यथा द्रवातील हवा पंपात साचून आवाज येतो व पंप लवकर बिघडतो. रेडिएटर वर बसविल्यास आतील गरम हवा बाहेर जाते. तो पुढे बसविल्यास त्याला बाहेरची थंड हवा मिळते, पण ग्राफिक्स कार्डाकडे कोमट वारा जातो. कोणत्या भागावर अधिक भार पडतो, हे पाहून निर्णय घ्यावा.

वायुशीतकाचा वारा प्रोसेसरभोवतीच्या विद्युतपुरवठा मंडलांनाही मिळत असतो. द्रवशीतन बसविल्यावर तो बंद होतो. वेग वाढविल्याने याच मंडलांवर ताण येत असल्यामुळे कॅबिनेटमधील एखादा पंखा त्या बाजूस हवा देईल अशी योजना करावी.

शीतन ज्यावर उपाय ठरत नाही

वाढीव विद्युतदाबाने होणारी झीज शीतनाने कमी होते, पण थांबत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे आढळून आले. अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे ते गरजेपेक्षा अधिक विद्युतदाब मागत असल्याचे कंपनीने जाहीर केले, सुधारित आज्ञावली उपलब्ध केली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. या उदाहरणाचा बोध असा की, प्रोसेसर थंड आहे म्हणून तो सुरक्षित आहे असे समजू नये. मदरबोर्डची आज्ञावली अद्ययावत ठेवावी, विद्युतदाब थोडा-थोडा वाढवावा आणि प्रत्येक टप्प्यावर तापमान पाहावे. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेली हानी निर्मात्यांच्या हमीत सहसा येत नाही, हेही विसरू नये.

लाभाचाही हिशेब मांडावा. ५.५ गिगाहर्ट्झचा वेग ५.७ पर्यंत नेला, तर वाढ ४ टक्क्यांहूनही कमी होते. त्यासाठी महागडी यंत्रणा घ्यावी, की तोच पैसा अधिक स्मृती किंवा चांगल्या ग्राफिक्स कार्डावर खर्च करावा, हे ज्याने-त्याने आपल्या कामाच्या स्वरूपावरून ठरवावयाचे आहे.

सारांश, निवडीचा क्रम सरळ आहे. प्रथम आपल्या नेहमीच्या कामात प्रोसेसर किती वॅट घेतो ते पाहावे. मग खोलीचे उन्हाळ्यातील तापमान लक्षात घ्यावे. त्यावरून रेडिएटरचे आकारमान ठरवावे, कॅबिनेट मोजावे आणि सर्वांत शेवटी दिवे, रंग व शोभा यांचा विचार करावा. दुकानात नेमका शेवटचा मुद्दा प्रथम पुढे केला जातो. हातात वॅटचा आणि तापमानाचा आकडा घेऊन जाणारा ग्राहक मात्र सहसा फसत नाही.